मांडवाच्या टोकाचा टॉवेल

लिंबाजीराव खटके यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका मोठ्या पातेल्याशेजारी उभे राहून आचाऱ्याला त्याचं नाव विचारताना. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं. तीर्थपुरीला आमच्या घरासमोरच मांडव घातला होता. मी तेव्हा कॉलेजात होते आणि पंगतीला पाणी पुरतंय की नाही हे बघायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं, म्हणून भट्टीकडे माझी ये-जा चालू होती. पांढरं धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर पांढराशुभ्र टॉवेल असे एक उंच गृहस्थ आचाऱ्याला विचारत होते, "नाव काय म्हणले तुमचं? अन् गाव कोणतं?" आचारी बिचारा गडबडला. भाजीत काही कमी-जास्त झालं आणि आता तक्रार जाणार, असंच त्याला वाटलं असावं. तो म्हणाला, "काय चुकलं का मालक?" त्यावर काका हसून म्हणाले, "बिलकुल न्हाई. वांग्याची भाजी चाखली मी. माइकवर नाव सांगायचंय तुमचं."

आमच्या भागातल्या लग्नात माइक ही काय चीज असते, हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. मुहूर्ताच्या आधी तासभर एक माणूस माइक हातात धरून आलेल्या पाहुण्यांची नावं पुकारतो. सरपंच, चेअरमन, सदस्य, माजी सदस्य, भावी सदस्य. लोक चिठ्ठ्या आणून देतात, कानाला लागतात, सदऱ्याची बाही ओढतात. एखादं नाव राहिलं तर तो पाहुणा न जेवता गाडीत बसतो आणि पुढे कित्येक वर्षं त्या घरी पाय ठेवत नाही. हे जोखमीचं काम लिंबाजीकाकांनी वडीगोद्री, अंबड, घनसावंगी या साऱ्या टापूत निम्मं आयुष्य केलं. त्या कामात त्यांनी स्वतःची एक रीत घातली. मांडवात येताच ते आधी मागच्या बाजूनं एक फेरी मारत. आचारी, पाणी भरणारे, पोळ्या लाटणाऱ्या बाया, मांडव घालणारे. ज्यांच्या नावाची चिठ्ठी कुणीच आणून देणार नाही, त्यांची नावं ते स्वतः गोळा करत आणि मोठ्या नावांच्या मध्ये बेमालूम पेरून देत.

त्या दिवशी आचाऱ्यानंतर ते माझ्याकडे वळले. "रुखवत कुणी केलाय, पोरी?"

"आईनं," मी म्हणाले.

"आई कुठं हाये?"

आई कोठीच्या खोलीत होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि लग्न आमच्या मोठ्या चुलत्यांनी उभं केलं होतं. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. विधवा बाईनं शुभकार्यात पुढं पुढं करू नये, असं आईला कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं. तिनंच ते धरून घेतलं होतं. सकाळपासून ती तांदळाच्या पोत्यांना टेकून बसली होती आणि मागेल त्याला मागेल ते मापून देत होती. लेकीचं लग्न तिला तिथूनच ऐकायचं होतं.

थोड्या वेळानं माइकवर काकांचा आवाज आला. एका पुढाऱ्याचं नाव झालं, दुसऱ्याचं झालं, आणि मग त्याच सुरात: "मंडळी, उजव्या हाताला नवरीचा रुखवत मांडलाय. कपाशीच्या बोंडांचं तोरण हाये, सरकीचा मोर हाये. हे बाजारातून आणलेलं न्हाई. नवरीच्या आईनं, कौशल्याबाईंनी, आपल्या हातानं केलेलं हाये. जेवायला बसायच्या आधी जरा बघून जा."

एवढंच. पण बायकांचा घोळका रुखवताकडे गेला आणि तिथून आरोळ्या सुरू झाल्या, "कौशल्याबाई कोणत्या हो? त्या मोराची मान कशी बसवली इचारायचंय." दोघी-तिघींनी आईला हाताला धरून कोठीतून बाहेर आणलं. पदर सारखा करत ती आली आणि मोराची मान कशी बसवायची ते सांगायला लागली. मग तिचा हात थांबेना आणि तोंडही थांबेना. माझ्या आईला इतकं बोलताना मी फार वर्षांनी पाहत होते. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा ती पुढच्या रांगेत होती, कारण परत कोठीत जायची आठवणच तिला राहिली नव्हती.

भाऊंना हे रुचलं नाही. माइकजवळ येऊन ते म्हणाले, "बायांची नावं पुकारायची रीत न्हाई आपल्यात."

"बराबर हाये तुमचं," काका म्हणाले. "पण मोर एवढा चांगला झालाय, मला ऱ्हावलं न्हाई."

भाऊ तणतणत गेले. संध्याकाळी नवरी निघताना मात्र व्याह्यांना रुखवताकडे घेऊन जाऊन "आमच्या भावजयीनं केलंय हे सगळं" असं सांगत होते ते तेच भाऊ. आई आता थकली आहे, पण त्या लग्नाचा विषय निघाला की पहिल्यांदा मोर निघतो.

लिंबाजीरावांचा जन्म मेंढपाळाच्या घरातला. वडिलांच्या मागे मेंढरं हिंडवत त्यांचं लहानपण गेलं. माळाच्या या टोकावरून त्या टोकाला हाळी द्यायची आणि घसा न ताणता द्यायची, हे ते तिथंच शिकले. पुढे वडीगोद्रीला रस्त्यालगत त्यांनी दुकान टाकलं. दावी, कासरे, वेसणी, बैलांची घुंगरं. दुकान हा त्यांचा धंदा आणि माइक ही हौस. हौसेबद्दल त्यांनी नारळाशिवाय काही घेतलं नाही, आणि तो नारळही बहुतेक वेळा जिला घरी खाऊ घालणारं कुणी नाही अशा एखाद्या म्हातारीच्या पिशवीत गेलेला मी पाहिला आहे.

मला वडीगोद्रीतच एका पतसंस्थेत नोकरी लागली, ती नेमकी काकांच्या दुकानासमोर. माझा आवाज जन्मापासून मोठा. पहिल्याच आठवड्यात आमच्या साहेबांनी सगळ्यांदेखत मला ऐकवलं की बाईमाणसानं जरा हळू बोलावं, इथं बाजार भरलेला नाही. दुपारी मी डबा न उघडताच चहाच्या टपरीवर जाऊन उभी राहिले. नोकरी सोडून तीर्थपुरीला परत जायचं मनात पक्कं होत आलं होतं. काका तिथं बशीत चहा ओतत होते. बहिणीच्या लग्नातली ती पोर म्हणून त्यांनी मला ओळखलं नव्हतं. तरी म्हणाले, "पतसंस्थेतली तूच न्हवं का? सकाळी कुण्या म्हाताऱ्याला काही समजून सांगू राह्यली होतीस. रस्त्यावर ट्रक चालू, तरी माझ्या दुकानात सगळं ऐकू आलं. एक शब्द बी मधे पडला न्हाई. असा आवाज माइकला लागतो."

मी परत जाऊन डबा खाल्ला. नोकरी अजून आहे. साहेबांची बदली झाली.

त्यानंतर काकांनी मला शिकवायचं ठरवलं. शिकवलं म्हणजे काय, तर एका लग्नात सरळ माइक हातात दिला. समोर हजारभर माणसं. ते म्हणाले, "हे समोरचे लोक बघूच नको. मी मागं भट्टीपाशी जाऊन थांबतो. तुझा शब्द तिथवर नीट आला की टावेल वर करीन. तू माझ्याशीच बोल." आणि ते लांब लांब ढांगा टाकत मांडवाच्या पार टोकाला गेले. मी पहिलं वाक्य म्हणाले. धुराच्या पलीकडे पांढरा टॉवेल वर गेला. दुसरं म्हणाले, पुन्हा गेला. त्या दिवसापासून मी जिथं जिथं बोलले, तिथं आधी मागं पाहिलं. काकांच्या हाताखाली तयार झालेल्या आम्हा सगळ्यांची ही खोड आहे. आम्ही बोलताना पाहुण्यांच्या डोक्यांवरून कुठं बघतो, हे लोकांना कळत नाही.

या टॉवेलानं एकदा मोठा घोटाळाही केला. आमच्याकडे शेवटचं "सावधान" झालं की कुणीतरी हात वर करून बँजोवाल्यांना खूण करतो, बँजो वाजतो आणि अक्षता पडतात. अंबडजवळच्या एका लग्नात बँजो पार्टी नवीन होती. त्यांचे म्होरके सुदाम मिस्तरी चांगले पोक्त गृहस्थ, पण त्यांची ही पहिलीच सुपारी. पहिलं मंगलाष्टक मी म्हणत होते. आवाज मागं पोचला म्हणून काकांनी नेहमीसारखा टॉवेल वर केला, आणि सुदाम मिस्तरींनी दणक्यात बँजो सुरू केला. लोकांनी भराभर अक्षता टाकल्या, नवरदेवानं घाईघाईत हार घालून टाकला, भटजी "अहो थांबा, थांबा" म्हणून ओरडत राहिले. नवरदेवाचे मामा बँजोवाल्यांच्या अंगावर धावून गेले. मिस्तरींचा चेहरा पाहवत नव्हता.

काका धावत आले आणि माइक घेतला. "मंडळी, चूक माझी हाये, टावेल माझा हाये. बँजोवाल्यांची नजर किती तेज ते बघा, एवढ्या धुरातून खूण बराबर पकडली. आता राह्यलेली मंगलाष्टकं म्हणून घेऊ. अक्षदा जपून ठेवा, अजून लागतेत." मांडव हसला. मामाही हसले. लग्न नीट लागलं आणि मिस्तरींना त्याच मांडवात पुढच्या एका लग्नाची सुपारी मिळाली. आज त्यांची पार्टी जिल्ह्यात नावाजलेली आहे.

एवढं वाचून कुणाला वाटेल की काका येईल त्याला गोड बोलत असतील. तसं मुळीच नाही. चाखल्याशिवाय ते भाजीला चांगलं म्हणत नसत, आणि पाहिल्याशिवाय माणसालाही नाही. एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यानं चिठ्ठी आणून दिली, नावाआधी "विकासपुरुष" म्हणा म्हणून बजावलं. काकांनी शांतपणे विचारलं, "काय केलं त्यांनी? एखादी गोष्ट सांगा, ती बोलतो." कार्यकर्ता डोकं खाजवायला लागला. शेवटी माइकवर नुसतं नाव आणि गाव गेलं. आम्हालाही त्यांचं हेच सांगणं असे, "खोटं कौतुक माणसाला बराबर कळतंय. बारकं सांग, पण बघितलेलं सांग."

त्यांच्यात दोष नाहीत असं नाही. दुकानाची वेळ त्यांनी कधी पाळली नाही, आणि मुहूर्ताची कधी चुकवली नाही. त्यांच्या पत्नी गयाकाकू यांची तक्रार तर सगळ्या वडीगोद्रीला पाठ आहे: "साऱ्या तालुक्याची नावं घेतली, माझं एकदा तरी माइकवर घेतलं का?" काका यावर लाजून टॉवेलनं तोंड पुसायचे. दुसऱ्यांच्या बायकांना कोठीतून बाहेर काढणारा हा माणूस स्वतःच्या बायकोचं नाव चारचौघांत घ्यायला लाजत होता.

आणि मग काकांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला. उरली ती कुजबुज, तीही अगदी कान जवळ नेला तर कळणारी. डॉक्टरांनी सांगितलं की आता एवढंच.

सुरुवातीला काका दुकानात बसत. गिऱ्हाइकाला सांगायचं ते काकूंच्या कानात सांगत आणि काकू मोठ्यानं म्हणत, "हे म्हणतेत, हा कासरा नेऊ नका, दुसरा चांगला येऊ राह्यलाय." पण लोक काकांकडे ज्या नजरेनं बघत ती त्यांना सोसेना. त्यांनी दुकान सोडलं. मग ओसरी सोडली. लग्नाची आमंत्रणं येत, ती न वाचता ठेवून देत. एके दिवशी काकूंचा मला फोन आला. "सुवर्णा, जल्दी ये गं. हे भिताडाकडं तोंड करून पडू राह्यलेत. माझ्याशी बी कुजबुजत न्हाईत आता. शेवटचं म्हणले ते एवढंच, आता माझा काय उपेग."

मी गेले. खाटेशेजारी बसून बोलायला सुरुवात केली. काका, तुम्ही किती लोकांना उभं केलं, तुमच्यासारखा माणूस होणे नाही, वगैरे. काकांनी तोंड वळवलं आणि काकूंना जवळ बोलावलं. काकूंनी कान लावला आणि अवघडून म्हणाल्या, "हे म्हणतेत, मेल्यावर बोलायचं ते आत्ताच बोलू राह्यली का?"

मला रडू आलं आणि रागही आला. माझ्या लक्षात आलं की मी अगदी विकासपुरुषाच्या चिठ्ठीसारखी बोलत होते. म्हणून मग मी खरी होती ती अडचण सांगितली. "काका, वाटूरला लग्न आहे. हल्ली स्पीकरचे नवीन डबे आलेत. पुढं बसणाऱ्यांच्या छातीत धडधडतं आणि मागं शब्द फाटतो. मी काय बोलते ते भट्टीपाशी पोचतं की नाही, मला कळतच नाही. मागं थांबायला माणूस नाही."

काकांचे ओठ हलले. काकू वाकल्या आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. "मला इचारतेत," त्या म्हणाल्या, "टावेल धुतलेला हाये का म्हणून."

वाटूरच्या लग्नाला दोघंही आले. पण मांडवात पाऊल टाकताच लोकांनी काकांना गराडा घातला. "काका, आज माइकवर न्हाई का तुमी?" "काका, दोन शब्द बोला की." काका घशाकडे बोट दाखवत, हात हलवत, कसेबसे भट्टीपर्यंत पोचले आणि एका पालथ्या पिंपावर बसले. मी माइक घेतला, स्वागत केलं, मागं पाहिलं. टॉवेल खांद्यावरच होता. पुन्हा बोलले. काका जमिनीकडे बघत होते. पुढाऱ्यांची नावं संपत आली, तरी टॉवेल हलला नाही. बरं वाटावं म्हणून मी त्यांना इथं आणलं होतं, आणि जे गेलं तेच सगळ्या गावासमोर त्यांना दाखवलं होतं. ते आज घरी गेले की पुन्हा बाहेर यायचे नाहीत, असं मला स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात माझी नजर काकूंवर गेली. पिंपाशेजारी उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला त्या काकांच्या वतीनं उत्तर देत होत्या. वाकायचं, ऐकायचं, उभं राहून सांगायचं. पुन्हा वाकायचं. मी काही ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"मंडळी, मागं भट्टीपाशी गयाबाई लिंबाजीराव खटके उभ्या आहेत. काकांचं बोलणं गेले कित्येक महिने त्या आपल्याला ऐकवतात. त्यातला एक शब्दही मधे पडू देत नाहीत. त्यांचं या मांडवात स्वागत आहे."

सगळ्या माना मागं वळल्या. काकूंनी तोंडावर पदर घेतला. काकांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ते पिंपावरून उठले, पूर्ण उंच उभे राहिले, आणि टॉवेल वर गेला.

आणि बँजो सुरू झाला.

पार्टी सुदाम मिस्तरींचीच होती. त्यांनी हे सवयीनं केलं की मुद्दाम, ते आजतागायत सांगत नाहीत. लोकांनी अक्षता उधळल्या, भटजी खुर्चीतून ताडकन उठले, नवरदेव हार शोधायला लागला. नवरी तर अजून घरात वेणी घालत होती. त्या गोंधळात काकांचे खांदे गदागदा हलताना दिसले. ते हसत होते. आवाज नव्हता, पण मांडवाच्या या टोकाला उभ्या असलेल्या मला ते हसणं ऐकू आल्यासारखं वाटलं. ते काकूंच्या कानाशी वाकले, आणि ज्यांचा आवाज उभ्या जन्मात कधी दुकानाबाहेर गेला नव्हता त्या गयाकाकूंनी पदर खोचून अशी हाळी दिली की मला माइक लाजल्यासारखा वाटला: "हे म्हणतेत, अक्षदा जपून ठेवा! आजून नवरी यायचीय!"

तेव्हापासून लिंबाजीकाकांनी मांडव सोडलेला नाही. ते मागच्या टोकाला असतात, काकू शेजारी असतात. मागची फेरी आजही तेच मारतात, नावं तेच विचारतात आणि काकू ती माझ्यापर्यंत आणून पोचवतात.

काका, तुम्ही वयाची पंचाहत्तर वर्षं पूर्ण करत आहात. तुमच्या गौरवासाठी आम्ही सगळे जमणार आहोत, आणि त्या दिवशी तुम्हाला भट्टीपाशी थांबू देणार नाही. तुम्हाला आणि काकूंना व्यासपीठावर बसावं लागेल. तुम्हा दोघांना निरोगी, हसतं आणि भरपूर आयुष्य मिळो. आमच्या लेकरांच्या, नातवंडांच्या मांडवातही तुमची ती पांढरी खूण दिसत राहो. तुमच्याविषयी चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे. बोलताना सवयीनं मी मागं बघेन आणि तिथं तुम्ही नसाल, तेव्हा माझा आवाज नक्की अडखळेल. त्या वेळी तेवढा टॉवेल शेजारूनच वर करा. सुदाम मिस्तरींना आम्ही त्या दिवशी मुद्दाम बोलावलं आहे.